चाळिशीनंतर नवे शिकताना : पहिल्या दिवसापासून खंड पडल्यानंतरच्या दिवसापर्यंत

‘आता या वयात डोक्यात शिरत नाही’ हे वाक्य शिकू इच्छिणाऱ्या प्रौढांच्या तोंडी इतके सहज येते की ते तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. प्रौढांच्या वर्गांवर शिकवताना आणि स्वतः चाळिशी उलटल्यावर नवे काही शिकताना मला वेगळेच दिसले. डोक्यात शिरते, पण शिरलेले टिकवण्यासाठी जे करावे लागते ते करण्याचा संकोच वाटतो. लहान मूल दिवसातून शंभर वेळा चुकते आणि त्याचे त्याला काहीच वाटत नाही. चाळिशीतला माणूस मात्र आपल्या कामात मुरलेला असतो, घरीदारी त्याच्या शब्दाला वजन असते आणि त्यामुळे चारचौघांत चुकण्याची त्याची सवय पार मोडलेली असते. तो वाचतो, ऐकतो, ओळींखाली रेघा मारतो, पण पुस्तक मिटून ‘यातले मला खरोखर काय येते’ असा प्रश्न स्वतःला विचारायला धजावत नाही. पुढे सांगितलेल्या पायऱ्या या एकाच अडचणीभोवती रचलेल्या आहेत.

वयानुसार काय बदलते

सुरुवात करण्याआधी वयाचा हिशेब एकदा नीट मांडून घ्यावा, कारण मनात भीती ठेवून केलेला अभ्यास अर्ध्यावर सुटतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली प्रौढांच्या शिकण्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हाच हे पुढे आले होते की विशीनंतर शिकण्याची क्षमता घसरते ती अत्यंत हळू, आणि प्रौढ माणूस शिकू शकत नाही या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही. पुढे १९५६ मध्ये वॉर्नर शाय यांनी सिएटलमध्ये एक दीर्घ अभ्यास सुरू केला आणि त्याच त्याच माणसांची काही वर्षांच्या अंतराने, दशकानुदशके चाचणी घेतली. त्यातून दिसलेले चित्र असे की नजरेने चटकन ओळखणे, झटपट प्रतिसाद देणे यांचा वेग तुलनेने लवकर कमी होऊ लागतो, पण शब्दसंपदा, भाषेची जाण आणि अनुभवातून आलेला विचार ही बळे मध्यमवयात टिकून राहतात, काही तर वाढतातही.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. प्रौढ विद्यार्थ्याने घड्याळाशी स्पर्धा करू नये. विशीतल्या सहाध्यायाला जे वीस मिनिटांत उमगते त्याला आपल्याला तीस मिनिटे लागली, तर ती दहा मिनिटे वेगाची किंमत आहेत, बुद्धीची नव्हेत. शिवाय मेंदूची घडण प्रौढ वयातही बदलते. लंडनमध्ये टॅक्सीचालकाचा परवाना मिळवण्यासाठी शहराच्या मध्यभागातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि त्यासाठी तीन-चार वर्षे जातात. एलेनॉर मॅग्वायर आणि कॅथरीन वूलेट यांनी अशा ७९ उमेदवारांचा मागोवा घेऊन २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. जे ३९ जण परीक्षा उत्तीर्ण झाले त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाच्या मागच्या अंगात वाढ झालेली आढळली. जे अनुत्तीर्ण झाले त्यांच्यात तशी वाढ दिसली नाही. ही सगळी मोठी झालेली माणसे होती, हे लक्षात ठेवावे.

पहिली पायरी : हेतू कृतीच्या भाषेत लिहा

माल्कम नोल्स यांनी १९७० च्या सुमारास प्रौढांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार मांडला आणि त्यासाठी ‘अँड्रागॉजी’ हा शब्द रूढ केला. शब्द त्यांचा नव्हता, अलेक्झांडर काप नावाच्या जर्मन शिक्षकाने तो १८३३ मध्येच वापरला होता. नोल्स यांच्या मांडणीचा गाभा असा की प्रौढ माणसाला ‘हे मी का शिकायचे’ याचे उत्तर आधी हवे असते, तो स्वतःचे निर्णय स्वतः घेणारा असतो, त्याच्या गाठीशी अनुभव असतो आणि समोर उभ्या असलेल्या प्रश्नाशी जोडलेले शिक्षण त्याला भावते. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली, कारण मुलांनाही हे सगळे कमी-अधिक प्रमाणात लागू पडते. तरीही सुरुवातीची पायरी म्हणून ती उपयोगी आहे.

वहीच्या पहिल्या पानावर आपला हेतू एका वाक्यात लिहावा आणि ते वाक्य कृतीचे असावे. ‘मला संगणक शिकायचा आहे’ हे वाक्य हेतू म्हणून निकामी आहे, कारण ते कधी पूर्ण झाले हे कोणालाच सांगता येणार नाही. ‘तीन महिन्यांनी घरचा महिन्याचा जमाखर्च मी स्प्रेडशीटमध्ये मांडेन आणि बेरजा त्यालाच करायला लावेन’ हे वाक्य चालेल. कसोटी एवढीच : आपल्या शेजारी बसलेल्या माणसाला नुसते पाहून ‘जमले’ किंवा ‘नाही जमले’ असे सांगता आले पाहिजे. हेतू लिहिला की अभ्यासक्रम आपोआप आटोपशीर होतो. पुस्तकातली वीस प्रकरणे नजरेसमोर असतात, त्यातली पाचच आपल्या कामाची आहेत हे कळते आणि उरलेली निर्धास्तपणे बाजूला ठेवता येतात.

प्रत्येक शिक्षणाला व्यावहारिक फायदा असलाच पाहिजे, असे मात्र मला मुळीच म्हणायचे नाही. डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग या धर्मोपदेशक-विचारवंताच्या विचारांतून १८४४ मध्ये रोडिंग येथे पहिली लोकशाळा उघडली. शेतकरी कुटुंबांतल्या तरुण प्रौढांसाठी असलेल्या या शाळांत परीक्षा नव्हत्या आणि प्रमाणपत्रांवर भर नव्हता. माणसाने माणूस म्हणून समृद्ध व्हावे, समाजात बोलता-ऐकता यावे, यासाठी त्या चालवल्या गेल्या आणि ती परंपरा आजही चालू आहे. १९७२ मध्ये युनेस्कोसाठी एडगर फोर यांच्या आयोगाने केलेल्या अहवालात आजीवन शिक्षण हे सगळ्या शिक्षणव्यवस्थेचेच सूत्र असावे, असे म्हटले गेले. तेव्हा हेतू निव्वळ आनंदाचा असेल तर तसे लिहावे, पण तोही नेमका लिहावा. ‘आवडीची पंचवीस गाणी बासरीवर ओळखू येतील इतपत वाजवायची’ हा उत्तम हेतू आहे.

मेंदूच्या आरोग्यासाठी काहीतरी शिकावे असे ज्यांना वाटते, त्यांनी विषय निवडताना एक गोष्ट पाहावी. डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साठ ते नव्वद वयाच्या माणसांना तीन महिने, आठवड्याला पंधरा-सोळा तास वेगवेगळ्या उद्योगांत गुंतवले होते. काहींनी डिजिटल छायाचित्रण शिकले, काहींनी गोधडीकाम, तर काहींनी त्याच वेळेत गप्पा, खेळ, सहली यांत मन रमवले. नवे आणि अवघड काही शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली, विशेषतः छायाचित्रण शिकणाऱ्यांची. येते तेच पुन्हा पुन्हा करण्यातून असा लाभ अपेक्षू नये. विषय आपल्याला थोडा जड वाटला पाहिजे.

दुसरी पायरी : जुन्या ज्ञानाची झडती

प्रौढ विद्यार्थ्याची पाटी कोरी नसते. त्यावर आधीच बरेच काही लिहिलेले असते, आणि ते कुठे हात देते व कुठे पाय ओढते हे ओळखणे हे अर्धे काम आहे. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी रशियन भाषेची लिपी शिकायला घेतली तेव्हा हे फार स्वच्छ कळले. त्या लिपीत ३३ अक्षरे आहेत. त्यांपैकी काही रोमन अक्षरांसारखीच दिसतात आणि उच्चारही जवळपास तोच असतो : के, एम, टी, ओ, ए. ती फुकटात मिळाली. जी अगदीच अनोळखी होती ती चार दिवसांत बसली. खरा घोळ घातला तो तिसऱ्या गटाने. रोमनमधला ‘पी’ दिसतो तो तिथे ‘र’ असतो, ‘एच’ दिसतो तो ‘न’, ‘बी’ दिसतो तो ‘व’ आणि ‘सी’ दिसतो तो ‘स’. मोठ्या अक्षरांत लिहिलेला ‘रेस्तरान’ हा शब्द, म्हणजे आपले रेस्टॉरंट, मी कितीतरी दिवस ‘पेक्टोपाह’ असाच वाचत होतो. नियम पाठ होता, पण डोळे पन्नास हजार वेळा केलेले काम सोडायला तयार नव्हते.

म्हणून नवा विषय हाती घेताना वहीत तीन रकाने करावेत. पहिल्यात ‘हे मला आधीच येते’, दुसऱ्यात ‘हे पूर्ण नवे आहे’ आणि तिसऱ्यात ‘हे ओळखीचे वाटते, पण इथे वेगळे चालते’. पहिला रकाना बहुतेकांचा अपेक्षेपेक्षा लांब निघतो आणि त्याने धीर येतो. वर्षानुवर्षे घरखर्च सांभाळलेल्या माणसाला ताळेबंद शिकणे सोपे जाते, कारण येणे-देणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते, त्याला फक्त नव्या संज्ञा हव्या असतात. तिसरा रकाना मात्र पहिल्या दिवशी रिकामाच राहतो, कारण तिथल्या चुका केल्याशिवाय त्या दिसतच नाहीत. तो अभ्यासासोबत भरत जावा. ज्या चुका तीनपेक्षा जास्त वेळा होतात त्या हमखास याच रकान्यातल्या असतात, आणि सरावाचा मोठा वाटा त्यांनाच द्यावा.

तिसरी पायरी : वेळेची जागा ठरवा

पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ मध्ये प्रौढांच्या शिक्षणातील अडथळ्यांचे तीन गट पाडले : परिस्थितीतून येणारे, शिक्षणसंस्थांच्या पद्धतींतून येणारे आणि मनातून येणारे. त्यांनी एक मार्मिक गोष्टही नोंदवली. ‘मला वेळ नाही’ असे सांगणे ‘मला जमणार नाही असे वाटते’ असे सांगण्यापेक्षा सोपे असते, त्यामुळे मनातले अडथळे पाहणीत कमीच नोंदवले जातात. आपल्याला वेळ नाही असे वाटत असेल तर आधी हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. वेळेची अडचण खरीही असू शकते. लहान मुले, आजारी वडीलधारे आणि दोन पाळ्यांचे काम ज्यांच्या अंगावर आहे त्यांना कोणी चिकाटीचे धडे देऊ नयेत. त्यांच्यासाठी आठवड्याला तीन वेळा पंधरा मिनिटे हाही पुरेसा आरंभ आहे.

वेळ ‘काढायचा’ म्हटले की तो निघत नाही, त्याला दिवसात ठरलेली जागा द्यावी लागते. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून हे पुढे आले आहे की ‘मी अभ्यास करेन’ या नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक घडले की तमुक जागी बसून मी अमुक करेन’ असा बांधीव निश्चय कितीतरी अधिक पाळला जातो. ‘रात्रीची भांडी आवरली की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वही उघडायची’ हे वाक्य लिहून तिथेच चिकटवावे. वही, पेन्सिल आणि पुस्तक त्या खुर्चीपाशीच ठेवावे, कारण शोधाशोधीत गेलेली पाच मिनिटे बहुतेक वेळा सगळा अभ्यासच घेऊन जातात. सवय लागायला किती दिवस लागतात याविषयी एकवीस दिवसांचा आकडा सर्रास सांगितला जातो, तो विसरून जावा. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगी मुरायला साधारण ६६ दिवस लागले आणि माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा फरक पडत नाही.

चौथी पायरी : वही मिटा आणि आठवा

या लेखातली एकच पायरी पाळायची असेल तर ही पाळावी.

त्या रशियन लिपीच्या पहिल्या संध्याकाळी मी अक्षरांचा तक्ता चार वेळा वाचला. चौथ्या वेळी सगळे ओळखीचे वाटत होते, मनात समाधान होते आणि उठायची तयारी झाली होती. मग तक्ता पालथा घातला, कोरे पान घेतले आणि अक्षरे लिहायला लागलो. रोमनसारखी दिसणारी पाच भराभर उतरली. सहाव्याला पेन्सिल कागदावर टेकली आणि तशीच राहिली. आकार डोळ्यांसमोर तरळत होता, पण त्याची शेपटी डावीकडे जाते की उजवीकडे हे हाताला ठाऊक नव्हते. तेहतिसातली अकरा अक्षरे आली. ओळखता येणे आणि आठवता येणे यांतले अंतर त्या बावीस मोकळ्या जागांएवढे होते, आणि तक्ता पालथा घातला नसता तर ते मला कळलेच नसते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये हेच प्रयोगाने दाखवले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा वाचून पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचून तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने मात्र पारडे फिरले : पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. वाचणाऱ्यांनाच आपल्याला अधिक लक्षात राहील अशी खात्री होती, हा त्यातला सर्वांत बोलका भाग. वाचन सुरळीत चालले की मन त्यालाच ज्ञान समजते. आठवताना अडखळायला होते, जीव जरा कासावीस होतो, आपल्याला काही येत नाही असे वाटते, आणि नेमक्या त्या ओढाताणीतच स्मरणाची वाट पक्की होत असते. असाच परिणाम पुढे वयस्कर माणसांतही आढळला आहे. प्रौढ विद्यार्थी या पायरीला टाळाटाळ करतात, कारण ती रोज थोडी मानहानी करते. ती मानहानी एकांतात, कोऱ्या कागदासमोर होते, एवढी सवलत तरी आपण घ्यावी.

कृती अशी करावी. दहा-बारा मिनिटे वाचावे किंवा ऐकावे, त्याहून जास्त नाही. मग पुस्तक मिटावे आणि जे आठवेल ते आपल्या शब्दांत लिहावे. जे आठवत नाही तिथे जागा मोकळी सोडावी, अंदाज बांधता आला तर बांधावा, पण पुस्तकाकडे वळू नये. निदान दोन मिनिटे अडून राहावे. त्यानंतर पुस्तक उघडून चुका आणि मोकळ्या जागा दुसऱ्या रंगाच्या शाईने भराव्यात. दुसऱ्या दिवशी नवे वाचण्याआधी पुन्हा कोरे पान घ्यावे आणि कालचे उतरवावे, नंतरच कालच्या रंगीत शाईशी ताडून पाहावे. सारखा रंगीत राहणारा भाग हाच आपला खरा अभ्यासक्रम असतो.

हाताच्या कामांनाही हेच लागू पडते. सायकलचे पंक्चर काढण्याचा किंवा शर्टाची कॉलर शिवण्याचा व्हिडिओ पाच वेळा पाहिल्याने हात तयार होत नाहीत. एकदा पाहावा, बंद करावा आणि काम सुरू करावे. जिथे अडेल तिथे थांबून आधी स्वतः विचार करावा, आणि मग व्हिडिओचा तेवढाच तुकडा पाहावा.

ओळींखाली रेघा मारणे, सुंदर टाचणे उतरवून काढणे, पुन्हा पुन्हा वाचणे यांना अभ्यासाचे रूप असते, पण फळ थोडे मिळते. ‘मी पाहून शिकणारा’, ‘मी ऐकून शिकणारी’ अशी स्वतःची वर्गवारी करण्यातही वेळ घालवू नये. तशा वर्गवारीनुसार शिकवल्याने अधिक चांगले शिकता येते, याला पुरेसा पुरावा २००८ च्या एका सविस्तर आढाव्यात सापडला नाही. नकाशा पाहूनच शिकावा लागतो आणि उच्चार ऐकूनच, मग शिकणारा कोणीही असो.

पाचवी पायरी : उजळणीत अंतर ठेवा

हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने तिशीच्या आसपास स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या, ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या वेळी किती मेहनत वाचली ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के मेहनत वाचत होती, एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश आणि महिन्यानंतर सुमारे एक पंचमांश. घसरण पहिल्या दिवशी सर्वांत जोरात होते, नंतर ती मंदावते. अर्थपूर्ण मजकूर इतक्या वेगाने विसरला जात नाही, पण घसरणीचा आकार साधारण तोच राहतो.

यातून उजळणीचे वेळापत्रक ठरवता येते. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासात दिसले की आठवड्याभराने लागणाऱ्या गोष्टीची उजळणी सुमारे एका दिवसाच्या अंतराने करणे चांगले, तर वर्षभर टिकवायच्या गोष्टीसाठी सुमारे तीन आठवड्यांचे अंतर लाभते. माझा स्वतःचा नियम असा आहे : दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग दहाव्या, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी. पानाच्या वरच्या कोपऱ्यात या पाच तारखा पेन्सिलीने लिहून ठेवतो आणि उजळणी झाली की खोडतो. उजळणी म्हणजे पान वाचणे नव्हे, ते न पाहता आठवणे. थोडे विसरल्यावर आठवायला लागणे हाच या अंतराचा हेतू आहे, त्यामुळे दहाव्या दिवशी निम्मे गेलेले दिसले तर घाबरू नये. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा आठवड्यात आठ वेळा अर्धा तास बसणे अधिक फळते, आणि नोकरी करणाऱ्याला ते झेपतेही.

अंतराबरोबर सरमिसळही हवी. एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवली की हात झपाट्याने चालतो, पण कोणत्या ठिकाणी कोणती रीत वापरायची हे ठरवण्याचा सराव होतच नाही. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवताना हे तपासले. सरावाच्या वेळी एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर होती आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले. सराव करताना आपण किती चांगले करतो यावरून आपण किती शिकलो हे ठरवता येत नाही, ते यासाठी.

सहावी पायरी : चुकायला जागा शोधा

संगणकाच्या एका प्रारंभिक वर्गात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माउस असा धरला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती. पडद्यावरचा बाण कडेला गेला की ते श्वास रोखायचे. मी ‘कुठेही क्लिक करा’ म्हटल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारले, ‘काही बिघडलं तर?’ आयुष्यभर त्यांनी यंत्रे हाताळली होती, आणि तिथे चुकीचा हात म्हणजे मोडलेला सुटा भाग, क्वचित दुखापतही. त्यांची भीती अडाणीपणाची नव्हती, जबाबदारीने काम केलेल्या माणसाची होती. मी त्यांना एक रिकामी फाइल उघडून दिली आणि तिची वाट लावायला सांगितली : अक्षरे पुसा, रंग बदला, फाइलच काढून टाका, मग केलेली कृती रद्द करण्याचे बटण दाबा. काढून टाकलेला मजकूर परत आलेला पाहिला तेव्हा त्यांचा हात सैल झाला. त्यानंतर त्यांना फारसे शिकवावे लागले नाही.

प्रत्येक विषयात अशी रिकामी फाइल शोधावी लागते. भाषेसाठी असा एक सोबती, जो वाक्य पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलत नाही. शिवणकामासाठी जुन्या चादरीचे तुकडे. पोहण्यासाठी पाण्याची कमी खोली आणि कमी गर्दीची वेळ. शिक्षक निवडताना त्याच्या पदव्यांपेक्षा एक गोष्ट पाहावी : विद्यार्थी चुकला की तो पुढे काय करतो. जो लगेच बरोबर उत्तर सांगून टाकतो तो आपला सराव हिरावून घेतो. जो ‘हे उत्तर कसं आलं?’ असे विचारतो त्याच्याकडे टिकून राहावे. चूक कळायला मात्र हवी, आणि तीही लवकर. न सुधारलेली चूक सरावाने घट्ट होते, म्हणून एकट्याने शिकणाऱ्याने निदान पंधरवड्यातून एकदा आपले काम जाणकाराला दाखवावे.

प्रौढांना शिकवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे की समोर बसलेला माणूस शाळेतल्या जुन्या अपमानांसह तिथे आलेला असू शकतो. फळ्यापाशी बोलावून सर्वांसमोर प्रश्न विचारणे टाळावे. आधी प्रत्येकाला कागदावर उत्तर लिहू द्यावे, मग जोडीत पडताळू द्यावे, मगच वर्गात चर्चा करावी. मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्याला विषय कळत नसेल असे गृहीत धरण्याआधी त्याला नीट ऐकू येते का, फळा दिसतो का, हे विचारावे. चाळिशीनंतर जवळचे वाचायला त्रास होतो, पुढे ऐकण्यातही फरक पडतो, आणि संकोचापोटी कोणी ते बोलून दाखवत नाही. चष्म्याचा नंबर तपासून घेतल्यावर ‘डोक्यात शिरत नाही’ ही तक्रार नाहीशी झालेली मी पाहिली आहे.

खंड पडल्यावर

खंड पडणारच. घरात आजारपण येते, कामाचा हंगाम येतो, कधी नुसताच कंटाळा येतो, आणि तीन महिने वही उघडली जात नाही. प्रौढांचे बहुतेक शिक्षण इथे संपते, आणि मला याचे फार वाईट वाटते, कारण ते संपायचे काहीच कारण नसते. परत आलेला माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करतो, तिथले त्याला येत असते म्हणून कंटाळतो, किंवा जिथे सोडले होते तिथून उघडतो, काहीच आठवत नाही म्हणून खचतो.

एबिंगहाउस यांनी नेमके काय मोजले होते ते इथे पुन्हा आठवावे. त्यांनी मोजली ती दुसऱ्यांदा शिकताना वाचलेली मेहनत. यादी आठवत नाही असे वाटत असतानाही ती दुसऱ्या वेळी कमी फेऱ्यांत पाठ होत होती. विसरल्यासारखे वाटणारे ज्ञान पूर्ण गेलेले नसते, ते पुन्हा उभे करायला पहिल्यापेक्षा कमी श्रम लागतात.

म्हणून परतण्याच्या दिवशी पुस्तक उघडू नये. कोरे पान घ्यावे, वर तारीख घालावी आणि त्या विषयाचे जे काही आठवते ते पंधरा मिनिटे लिहीत राहावे, सुटे शब्द, अर्धवट नियम, एखादे उदाहरण, काहीही. मग जुन्या वहीशी ते ताडावे. जे उतरले त्याला हात लावू नये, जे उतरले नाही त्यातली फक्त तीन पाने पहिल्या आठवड्यासाठी निवडावीत आणि त्यांवर उजळणीच्या नव्या तारखा घालाव्यात. हेतूचे पहिले पानही तेव्हाच वाचावे. तो हेतू अजून आपला आहे का, हे पाहावे. नसेल तर तो खोडून नवा लिहावा आणि त्याच वहीत पुढे जावे. माझ्या वहीत अशा परतण्याच्या सहा तारखा आहेत. सर्वांत मोठा खंड चौदा महिन्यांचा आहे, आणि त्यानंतरच्या पहिल्या कोऱ्या पानावर तेहतिसातली सव्वीस अक्षरे उतरली होती.